दयाळाच्या मागचं कापड

दिगंबर सावंत याने मला फसवलं. एकदा नाही, वर्षानुवर्षं, दर रविवारी सकाळी, माझ्या तोंडासमोर, आणि तेही हसतमुखाने. या कामात त्याला गिरगावच्या मानसी गद्रे यांनी साथ दिली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं, हे मला ठाऊक आहे. चांगलंही लिहिणार आहे, कारण तो माझा लहानपणापासूनचा मित्र होता आणि त्याच्याइतका जवळचा मला दुसरा कोणी नव्हता. पण मी आयुष्यभर दादरला पडद्याचं कापड विकलं. ठाण उलगडलं की आधी डाग दाखवायचा आणि मग पोत, ही माझी धंद्यातली रीत. म्हणून आधी डाग.

तो गेल्याचा फोन आला तेव्हा दुकानात एक बाई माझ्याशी घासाघीस करत होत्या. फोन सुलभावहिनींचा, म्हणजे दिगूच्या बायकोचा. एरवी त्या “भावोजी, जेवलात काय?” अशी सुरुवात करतात. त्या दिवशी नुसतं “भावोजी, हे गेले हो...” एवढं म्हणाल्या आणि फोन त्यांच्या मुलीने घेतला. आंघोळ करून बाहेर आला, छातीत कसंतरी होतंय म्हणाला, खुर्चीत बसला, आणि डॉक्टर जिना चढून येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी फोन खाली ठेवला. समोरच्या बाई म्हणाल्या, “मग शेट, शेवटचं काय ते बोला.” मी म्हटलं, “न्या. तुम्ही म्हणाल त्या भावात न्या.” त्या बावरल्या. कापडात नक्की काहीतरी खोट असणार असं त्यांना वाटलं असावं, कारण न घेताच दुकानाची पायरी उतरून गेल्या. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा भाव सोडला, तर गिऱ्हाईकच पळालं! हे ऐकून दिगू पोट धरून हसला असता. त्याला सांगायला म्हणून माझा हात पुन्हा फोनकडे गेला... आणि तिथेच थांबला.

आम्ही दोघे लालबागच्या एकाच चाळीतले. आमचे वडील एकाच गिरणीत, एकाच पाळीला. गावंही मालवणकडची, एका खाडीच्या अलीकडची आणि पलीकडची. माझं नाव प्रकाश, पण चाळीत आणि दिगूच्या तोंडी मी कायम बाबल. बाकीचं जग मला शेट म्हणतं, आणि ते मी माझ्या घशाच्या जोरावर मिळवलंय. गिरणी बंद पडल्यावर मी फुटपाथवर कटपीस मांडून बसलो. तो शिकला आणि माझगावला गोदीच्या ऑफिसात चिकटला. तो हळू बोलणारा, समोरच्याचं ऐकून घेणारा. मी बोंबल्या. लहानपणी गणपतीत चाळीच्या नाटकाला पडद्यावरचं रान तो रंगवायचा आणि तो पडदा ओढायला दोरी धरून मी उभा असायचो. टाळ्या रानाला पडायच्या. दोरीला कोण टाळ्या वाजवतो? तेव्हापासूनच त्याच्याबद्दल माझ्या मनात एक बारीकशी जळजळ होती. ती प्रेमातच मिसळलेली होती, कोकमासारखी... वेगळी काढता यायची नाही.

निवृत्त झाल्यावर त्याच्या मुलीने त्याला कॅमेरा दिला. आमच्या चाळीच्या मागे, पाठच्या चाळीच्या भिंतीपर्यंत, एक चिंचोळी जागा आहे. तिथे एक शेवगा आहे आणि त्याच्या अलीकडे तोडलेल्या पिंपळाचा खुंट. त्या खुंटावर सकाळी दयाळ येऊन बसतो. काळापांढरा, मैनेहून लहान, शेपटी वर उचलून गाणारा. दिगू त्याचा फोटो दाखवायला थेट दुकानात आला. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर दयाळ चोच उघडून गात होता, छाती नुसती भरून आलेली. पण त्याच्या मागे निळी ताडपत्री, डिशची थाळी आणि दोरीवर वाळत घातलेल्या कुणाच्या तरी चड्ड्या.

“पक्षी एक आणि चड्ड्याच जास्त,” मी म्हटलं. “यातला गाणारा कोण?”

“तेच तर,” दिगू म्हणाला. “बाबल, मागचं कायतरी कर.”

मी फळीवरून एक ठाण खाली ओढलं. शेवाळी रंग, जाड विणीचं, अजिबात चमक नसलेलं. चमकणारं कापड ऊन परत फेकतं, हे पिऊन घेतं. हिरवा म्हटला म्हणजे एक रंग नाही. पोपटी डोळ्यांत खुपतो, मेंदी लग्नघराची आठवण करून देते, बाटलीच्या रंगाने खोली अंधारते. शेवाळी मागे राहतो आणि पुढच्याला पुढे येऊ देतो. खुंटामागे पुरेल तेवढा तुकडा मी टरकन फाडला. “पण एक अट,” मी म्हटलं. “फोटोत हे कापड दिसलं पाहिजे. पक्षी तुझा, कापड माझं, फोटो दोघांचा.” तो “कबूल” म्हणाला आणि त्याने माझ्या हातावर हात मारला. आमच्या धंद्यात हातावर हात मारला की मग कागद लागत नाही.

मी त्याला म्हटलं, घेऊन जा आणि टाक मागे दोरीवर. तर म्हणाला, “छे, छे. वाऱ्याने फडफडलं की पक्षी घाबरतो. धरायला माणूसच लागतो. येतोस रविवारी?” माझी बायको जाऊन तेव्हा वर्षही व्हायचं होतं. मुलगा ठाण्याला राहायला गेलेला. रविवारी दुकान बंद, आणि मी घरात बसून आधी टीव्हीवर, मग शेजाऱ्यांवर आणि शेवटी नळावर ओरडायचो. मी म्हटलं, येतो.

तेव्हापासूनचे आमचे रविवार. खुंटाच्या पलीकडे, भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात वर करून मी कापड धरायचं. अलीकडे जिन्याखाली दिगू कॅमेरा लावून बसायचा. मध्ये खुंट. लोकांना वाटतं पक्ष्यांचे फोटो काढायला जाणारा पक्षी बघतो. मी काहीही बघितलं नाही. नाकासमोर कापडाची वीण, तिच्यातून गाळून येणारं ऊन, आणि पलीकडून दिगूचं कुजबुजणं.

“हात वर. उजवा अजून वर.”

“खांदा निखळेल माझा.”

“कोपर दिसतंय तुझं.”

“माझं कोपर तुझ्या पक्ष्याहून देखणं आहे.”

“गप रव मेल्या... इलो!”

इलो म्हणजे आला. मग मी गप्प. दादरला माझा आवाज रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथपर्यंत जातो, पण तिथे मी श्वाससुद्धा बेताने घ्यायचो. दयाळ आधी एक लांब शीळ घालतो. मग तीच शीळ थोडी वळवून, मध्येच दुसऱ्या कुठल्या तरी पक्ष्याची नक्कल करून, काही विचारल्यासारखा थांबतो. उत्तर आलं नाही की पुन्हा पहिल्यापासून. त्याचं तोंड दिगूकडे, पाठ माझ्याकडे. तो उडून गेला की हात खाली करायचे, जिन्याखाली जाऊन छोट्या पडद्यावर बघायचं. “हा बघ तुझा शेवाळी,” दिगू दर वेळी म्हणायचा. मग वहिनींनी दिलेल्या डब्यातली घावनं खायची. पुढे आम्ही माझगावच्या टेकडीवरच्या बागेत नाचण पक्ष्यासाठी गेलो, परळच्या एका जुन्या आवारात शिंजीर टिपायला गेलो. कापड माझ्या काखेत असायचंच. दयाळाचा एक फोटो मोठा करून त्याने मला दिला. तो मी गल्ल्याच्या वर लावलाय. वरच्या कोपऱ्यात माझी दोन बोटं आलीत. गिऱ्हाइकं तो बघून विचारतात, “त्या पक्ष्याच्या मागचा रंग आहे का?” त्या रंगाची किती ठाणं गेली विचारू नका.

मग गद्रे बाई आल्या. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांचा एक गट आहे, त्यातल्या त्या. गिरगावात घरी संगणकावर फोटो सुधारायला शिकवतात. वयाने माझ्याहून फार लहान नसाव्यात, पण पहिल्या भेटीतच मला काका म्हणाल्या. दिगूला मात्र सावंत सर. तो काका नाही, मी काका! दिगू दर गुरुवारी त्यांच्याकडे जायला लागला. काय शिकतोस म्हटलं तर म्हणायचा, “फोटो थोडे उजळ करायचे, थोडे कापायचे. असंच रे.” आणि हळूहळू माझा मित्र बदलायला लागला. बिनसाखरेचा चहा प्यायला लागला. “मानसी म्हणते,” अशी वाक्याची सुरुवात करायला लागला. एकदा छोट्या पडद्याकडे बघत म्हणाला, “व्वा, काय बोके आलेत!”

मी कापड टाकून भिंतीकडे धावलो. कारण चाळीच्या मागे बोके खरंच आहेत आणि आदल्याच आठवड्यात त्यातल्या एकाने बुलबुल नेला होता. “खंय? कुठे गेला?” मी ओरडलो.

दिगू हसून हसून खाली बसला. “तसे बोके नाय रे बाबा. फोटोत मागचं असं मऊ, धूसर होतं ना, त्याला फोटोवाले बोके म्हणतात. मानसी म्हणते...”

“तुझ्या मानसीला सांग, लालबागमध्ये बोके उंदीर मारतात.”

हा विनोद त्याने गुरुवारी तिकडे सांगितला. बाईंना तो फार आवडला म्हणे. मला तेही आवडलं नाही. माझा विनोद, माझ्या चाळीतला, तो गिरगावात जाऊन परस्पर हशा मिळवून आला. बाईंनी दिलेली आंबाडाळ तो डब्यातून माझ्यासाठी घेऊन आला, तर मी मीठ कमी आहे म्हणालो. मीठ बरोबर होतं. मी जळत होतो, आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही. माणूस बायकोवर जळतो, भावावर जळतो, मग मित्रावर का नाही? साठी उलटल्यावर नवा मित्र मिळत नाही. असलेल्यातला अर्धा कुणी गुरुवारचा घेऊन गेलं तर उरलेल्या अर्ध्याची माणूस राखण करणारच.

पण रविवार माझा होता. मी मनाशी म्हणायचो, बाईंनी त्याला कितीही शिकवू दे, मागचं माझंच आहे. फोटो मोठा होईल, भिंतीवर लागेल, लोक वा वा करतील, तेव्हा दयाळाच्या मागे माझा शेवाळी असेल. माझं नाव कुणी घेणार नाही, पण मला दिसेल. तेवढं मला पुरत होतं. आयुष्यात एवढ्या कमीवर मी कुठलाच सौदा केलेला नाही.

दिगू गेल्यानंतर काही आठवड्यांनी त्या गटाने दादरला एका हॉलमध्ये त्याच्यासाठी सभा ठेवली. भिंतींवर त्याचे फोटो मोठे करून लावले होते. मी पांढरा सदरा घालून, दुकान लवकर बंद करून गेलो. दारातून आत शिरलो तर समोरच दयाळ. माणसाच्या छातीएवढा! गळ्याचं एकेक पीस मोजावं असा. आणि त्याच्या मागे... त्याच्या मागे माझं कापड नव्हतं.

हिरवं होतं. पण ते ओलं हिरवं होतं, रानातलं, पानांतून गळणाऱ्या उजेडाचं. माझा शेवाळी पिवळ्याकडे झुकतो, हा निळ्याकडे झुकत होता. कापडाचा रंग मला अंधारात बोटांनी कळतो म्हटलं तरी चालेल. भिंतीवर एवढा मोठा समोर असताना चुकेन? मी पुढच्या फोटोकडे गेलो. नाचण, मागे रान. शिंजीर, मागे रान. बुलबुल, शिंपी, पुन्हा दयाळ, सगळीकडे रान. शेजारी उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, “काय जंगल आहे हो! कुठलं असेल?”

“लालबाग,” मी म्हटलं.

ते माझ्या विनोदाला हसले आणि पुढे गेले.

भाषणं झाली. सगळ्यांनी दिगूच्या संयमाचं कौतुक केलं. पहाटे उठून रानावनात जाणारा, एकट्याने तासन् तास वाट बघणारा माणूस, असं एकाने सांगितलं. एकट्याने! मी उठणारच होतो, पण पुढच्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. सभा संपल्यावर मी बाईंना जिन्यात गाठलं.

“बाई, माझं कापड कुठे आहे?”

“कुठलं कापड, काका?”

“दयाळाच्या मागचं.”

त्यांना समजलं. चेहऱ्यावरून दिसलं की समजलं. “ते आपण काढलं ना,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “पहिल्यापासूनच काढत होतो. सरांनी तुम्हाला...” लोक वळून बघायला लागले होते, कारण माझा आवाज जिन्यावरून खाली गेला होता. “काका, इथे नको. गुरुवारी घरी या. सगळं दाखवते.”

गुरुवारी! त्याचा वार मला देत होत्या.

मी गेलो. गिरगावातलं जुनं, स्वच्छ घर, खिडकीशी संगणक. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि लगेच म्हणाल्या, “सर इथेच बसायचे.” मी उठून दुसरीकडे बसलो. त्यांनी पडद्यावर दयाळ आणला. दिगूने काढलेला, जसाच्या तसा. मागे माझा शेवाळी. मधोमध घडीची रेघ, डावीकडे कापड जरा झोळ खाल्लेलं, वर माझी चार बोटं. मग बाईंनी काहीतरी केलं, टिचकी वाजवावी इतक्या वेळात, आणि घडी गेली, झोळ गेला, बोटं गेली. पक्षी तिथेच, गातोय. मागे रान.

“हे रान कुठलं?” मी विचारलं.

“मी काढलेलं आहे,” त्या म्हणाल्या. आवाजात अभिमान होता. “पावसाळ्यात रानात गेले होते तेव्हा. नुसतं मागचं असे बरेच फोटो काढून ठेवलेत मी. सरांचे पक्षी आणि माझं मागचं.”

पक्षी तुझा, मागचं माझं. हा सौदा माझा होता. शब्दसुद्धा माझेच.

मी म्हटलं, “मग मला दर रविवारी हात वर करून कशाला उभं केलं? दोरीवर टाकलं असतं.”

“हो, चाललं असतं की. नसतं टाकलं तरी चाललं असतं.”

“वाऱ्याने फडफडतं. पक्षी घाबरतो.”

बाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, “काका, पक्षी कापडाला सरावतो. माणसाला घाबरतो. तुम्ही मागे असायचात म्हणून तो उशिरा यायचा. सरांना मी पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं, आता कापड धरणाऱ्याची गरज नाही. तर म्हणाले, राहू दे.”

“कित्याक?” माझ्या तोंडून मालवणीच निघालं. “का म्हणून?”

“ते मला नाही सांगितलं. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.” आणि मग अचानक त्यांचाही आवाज चढला. “मी किती वेळा म्हटलं, रविवारी मीही येते, मला तो खुंट बघायचाय. तर एकच उत्तर, रविवारी नको, रविवारी बाबल असतो. एवढं काय बोलायचात हो तुम्ही दोघे?”

“काही नाही,” मी म्हटलं. “पक्षी असला की बोलायचं नसतं.”

त्या माझ्यावर जळत होत्या. हे कळल्यावर मला आनंद झाला, आणि तो लपवायला मी चहा मागितला.

चहा पिताना त्यांनी पुस्तकाचं सांगितलं. दिगूच्या फोटोंचं पुस्तक निघतंय, गट काढतोय, फोटो निवडायचं काम वहिनींनी बाईंवर सोपवलंय. मी कप खाली ठेवला. सौद्याची वेळ मला वासावरून कळते.

“सगळे पक्षी माझ्या कापडावर घ्या,” मी म्हटलं. एवढं मिळणार नाही हे मला माहीत होतं. सुरुवात अशीच करायची असते.

“एकही नाही,” बाई म्हणाल्या. त्यांनाही सुरुवात माहीत होती.

“अर्धे.”

“काका, घड्या दिसतात. बोटं दिसतात.”

“इस्त्री सांगितली असती तर केली असती. बरं, एक. फक्त दयाळ.”

“दयाळ मुखपृष्ठावर आहे. तोच नाही देता येणार. शेवटच्या पानावर छोटा फोटो टाकू तुमच्या कापडाचा. खाली आभार.”

“आभार म्हणजे चिंधी. मला चिंधी नको, कापडाचा अख्खा पन्हा पाहिजे, या काठापासून त्या काठापर्यंत.”

त्या हसल्या. मीही हसलो असतो, पण तेवढ्यात त्या म्हणाल्या, “खरं सांगू? सरांना आवडलं नसतं.”

इथे माझं डोकं फिरलं. सरांना आवडलं नसतं! ज्याच्या नाकाला शेंबूड होता तेव्हापासून मी ज्याला ओळखतो, त्याला काय आवडलं असतं हे मला गुरुवारच्या मैत्रिणीने सांगायचं? मी विचारलं, “कापड काढ, असं तो तुम्हाला म्हणाला होता?”

“मी साफ करून दाखवलं, तेव्हा छान म्हणाले.”

“छान म्हणाला, की काढ म्हणाला?”

बाई कप उचलून आत गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ सुरू होता. बाहेर आल्या त्या दुसऱ्याच विषयावर बोलत.

मी वहिनींकडे गेलो. त्यांना म्हटलं, तुम्ही सांगा बाईंना. वहिनी म्हणाल्या, “भावोजी, मला त्यातलं काय कळतं? मला इतकंच माहीत, शनिवारी संध्याकाळी पीठ भिजवताना हे हटकून सांगायचे, बाबलची दोन घावनं जास्त टाक, तो घरी काय खात नाही.” एवढं बोलून त्या पदर डोळ्यांना लावायला लागल्या. मग पुस्तकाचा विषय मी कुठल्या तोंडाने काढणार?

घावनांचं ऐकल्यापासून मात्र मला झोप लागत नाही. म्हणजे कापडाला माणूस नको होता. माणसाला कापड दिलं होतं, धरून बसायला... बसायला कुठलं, उभं राहायला. बायको गेलेला, नळावर ओरडणारा म्हातारा दिसला आणि दिगूला दया आली असेल का? दयाळाच्या निमित्ताने दया! मला दया नको होती. मी फुटपाथवरून दुकानात आलो तो कुणाच्या दयेने नाही. सोबत द्यायची होती तर सरळ म्हणायचं, बाबल, रविवारी माझ्याकडे येऊन बस. पण सरळ म्हणाला असता तर मी गेलो असतो का? ...नसतो गेलो. हे त्या लबाडाला माहीत होतं. भाव करण्यात मी आयुष्य घालवलं आणि मला गुंडाळलं कुणी, तर हळू बोलणाऱ्या गोदीतल्या कारकुनाने.

परवाच्या रविवारी मी चाळीच्या मागे गेलो. कापड नेलं नव्हतं. भिंतीशी माझ्या जागेवर उभा राहिलो. ऊन शेवग्यातून खाली उतरलं आणि दयाळ आला. मध्ये काही नसल्यामुळे मला तो पहिल्यांदाच गाताना दिसला. गाताना त्याची शेपटी वरखाली होते आणि सगळं अंग हलतं, हे मला माहीतच नव्हतं. फोटोत ते येत नाही. त्याने लांब शीळ घातली, वळवली, आणि विचारल्यासारखा थांबला. माझे दोन्ही हात वर गेलेले आहेत, हे मला समजलंच नाही. वरच्या गॅलरीतून शिंदेबाईंनी हाक मारली, “काय शेट, कोणी बंदूक रोखलीय की काय तुमच्यावर?” दयाळ उडाला. मी हात खाली केले. जिन्याखालची जागा रिकामी होती... “हा बघ” म्हणायला तिथे कोणी नव्हतं.

तर मानसीताई, पुस्तक लवकरच छापायला जाणार असं मी ऐकतो. आता मी तुमच्याशी भाव करणार नाही. दिगूने मला फसवलं, त्याचा हिशेब त्याच्याबरोबर गेला, आणि ज्या कारणाने फसवलं ते मी माझ्यापुरतं मुकाट्याने घेतलंय. तुमचा प्रश्न वेगळा आहे. तो मला कापडामागे उभं करून कापडासकट फोटो काढत होता. ते कापड त्याच्या सांगण्यावरून गेलं की तुमच्या? “कापड काढ” असे शब्द तो स्वतःच्या तोंडाने तुम्हाला म्हणाला होता का? म्हणाला असेल, तर नुसतं हो म्हणा. मी साक्षीदार मागणार नाही, पुस्तकाच्या जवळपास फिरकणार नाही. आणि म्हणाला नसेल, तर ते तुम्ही काढलंत, आणि ज्याने काढलं त्याने परत लावायचं. मुखपृष्ठावर, दयाळाच्या मागे, घड्यांसकट आणि बोटांसकट. “छान म्हणाले” हे उत्तर मी घेणार नाही. “आवडलं नसतं” हे तर मुळीच घेणार नाही. मी इथे लिहून चारचौघांत विचारलंय, तुम्हीही चारचौघांत सांगा. हो की नाही?